डबा चालू आहे, अप्पा

अप्पा, आधी रागावू नका, शेवटपर्यंत वाचा,

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसून मी फोनवर तुमचं फोल्डर उघडलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली, ‘इथे काहीही नाही’. त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्ही गेलात तेव्हा नव्हे. तुम्ही त्यानंतर तीन दिवसांनी गेलात. माझ्या पायाखालची फरशी त्या सकाळीच सरकली होती.

वर्ष झालं त्याला. आज तुमचं पहिलं पुण्यस्मरण. बाहेर हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्यात, बेळगावची आत्या आलीय, विहारातली माणसं एकेक करून येतायत. मी आतल्या खोलीत कडी लावून बसलोय. आईला वाटतंय, मी डबा मोठ्या स्पीकरला जोडतोय. अकराला भंतेजी येतील, वंदना होईल आणि मग... आईनं आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलंय, “ह्यांच्याच आवाजातलं गाणं लावायचं. सिद्धूनं सगळं डब्यात ठेवलंय.”

डब्यात तुम्ही नाही, अप्पा.

तुमचं एकही गाणं नाही. आजीचं नाही, कमरीपेठेतल्या त्या बायकांचं नाही. मी पुसलं. ह्या अंगठ्यानं. आईला माहीत नाही, अक्काला माहीत नाही. आणि आता घड्याळात दहा वाजून गेलेत, घाईत लिहितोय, हे अक्षर तुम्हाला लागेल का, कोण जाणे. माझं चांगलं अक्षर वाचतानासुद्धा तुम्ही चष्मा दोनदा पुसायचात!

मी कॉलेज सोडून आलो ती दुपार आठवते तुम्हाला? बी.सी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं टाकून, धारवाडहून बस धरून. कॅन्टीनमध्ये एकजण माझ्या मैत्रिणीबद्दल, सौम्याबद्दल, घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, मागत नाही. झालं. आई रडत होती, अक्का हुबळीतल्याच तिच्या सासरहून फोनवर शिव्या घालत होती. मला वाटलं, तुम्ही येऊन कंबरेचा पट्टा काढणार. तुम्ही वर्कशॉपातनं आलात, ग्रीस निघेपर्यंत हात धुतलेत आणि म्हणालात, “बसलायसच घरी, तर माझं एक काम कर की.”

का नाही मारलंत? मारलं असतं तर कदाचित मला माझी किंमत कळली असती. तुम्ही एकदम विश्वासच टाकलात!

काम म्हणजे पलंगाखालची ती सहा खोकी. कॅसेटा. तरुणपणी तुम्ही जयंतीच्या गायन पार्टीबरोबर गावोगाव फिरायचात तेव्हापासूनच्या. पेटीवाला, ढोलकीवाला, दोन कोरसवाले आणि तुम्ही. पण बाकीच्यांना कॅसेट काढायची असायची ती फक्त आपापल्या पार्टीची. तुम्ही मात्र जो गाईल त्याच्यापुढं टेपरेकॉर्डर ठेवायचात. धुणं धुताना गाणाऱ्या बायका, जात्यावरच्या ओव्या, विहाराच्या पायरीवर बसून आजीनं म्हटलेला पाळणा. “हे कोण छापणार नाही रे,” म्हणायचात, “म्हणून आपण ठेवायचं.”

टेपरेकॉर्डर वायरनं कॉम्प्युटरला जोडला. एक कॅसेट भरायला पुरा तास. आणि तो तासभर तुम्ही घरात कुणाला बोलू द्यायचा नाहीत! आईचा कुकर वाजला की धावत आत. “अगं बंद कर, शिट्टी भरतीय गाण्यात!” मी डोकं धरून सांगायचो, “अप्पा, आवाज वायरीतनं जातोय, हवेतनं नाही. कुकर कुठनं शिरंल?” तुम्ही ओठावर बोट ठेवायचात. शेवटी आई म्हणाली, “व्हय हो, आता डाळ कच्चीच खा, पण गाणं शिजू दे.” तुम्ही हसलात, तेही आवाज न करता.

चार महिने लागले. संपलं त्या दिवशी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, “डिग्री नाही घेतलीस, पण हे पुरं केलंस बघ.” आयुष्यात मी पुरं केलेलं ते एकच काम आहे, अप्पा. आणि तेच...

मग तो डबा आला. काळा, जाड पुस्तकाएवढा, पुढं निळा दिवा. राउटरला जोडून टीव्हीच्या वर ठेवला, कॉम्प्युटरमधली सगळी गाणी त्यात हलवली आणि तिथली काढून टाकली. मी तुम्हाला शिकवत होतो आणि माझ्या आवाजात काय तोरा होता! “ह्यात दोन डिस्क आहेत. जे एकीत, तेच दुसरीत. एक गेली तरी दुसरी आहे. काळजीच नाही.”

तुम्ही निळ्या दिव्याकडं बघितलंत. “एक डिस्क गेली तर दुसरी. बरं. आणि माणूस चुकला तर?”

मी हसलो होतो. आठवतंय? “माणसाला चुकायला जागाच नाही ह्यात,” असं म्हणालो होतो मी!

आणि दुसऱ्याच आठवड्यात कॅसेटांवरनं भांडलो. निम्म्या कॅसेटांना बुरशी आलेली, माझ्या कपाटाला जागा नव्हती. “आता सगळं डब्यात आहे, ही खोकी काढा की घरातनं!” तुम्ही म्हणालात, राहू दे की एका कोपऱ्यात, काय खायला मागतात? मी ऐकलं नाही. भंगारवाल्याला हाक मारली, तर त्यानं एक कॅसेट हातात घेऊन परत दिली. “इद यारिगि बेक्रि?” हे कुणाला पाहिजे, म्हणाला. शेवटी मीच कचऱ्याच्या गाडीत टाकली. तुम्ही गॅलरीत उभे होतात. गाडी नवनगरच्या वळणावरनं जाईपर्यंत बघत होतात. तिथं तरी ओरडायचं होतंत हो!

पण खरं सांगा, फोनमध्ये गाणी लागायला लागली तेव्हा तुम्ही खूष झालात की नाही? डबा घरात आणि तुम्ही वर्कशॉपात, जेवणाचा डबा उघडून बसलेले, कानाला फोन. जेवणाच्या सुट्टीत तुमच्याभोवती घोळका. “डबा घरी, मी हितं आणि माझी आई माझ्या खिशात!” हे वाक्य तुम्ही किती जणांना ऐकवलंत! घरी आलात की मात्र रोज तोच प्रश्न. “सिद्धू, पण हे गाणं आत्ता आहे कुठं? फोनमध्ये की डब्यात?”

आणि माझं रोज तेच उत्तर. “अप्पा, तुम्हाला नाही कळायचं.”

मला कळत नव्हतं, अप्पा. मला!

सौम्याच्या, म्हणजे मी सोडलेल्याच कॉलेजात स्नेहसंमेलन होतं, तिचा नाच होता. मला तर त्या गेटातनं आत घेत नव्हते, मी मागच्या भिंतीवरनं गेलो. पहिल्या रांगेत घुसलो, फोन वर धरला आणि फोन म्हणाला, जागा नाही. स्टेजवर पडदा सरकत होता. बसमध्ये ऐकायला म्हणून मी तुमचं सगळं फोल्डर फोनवर उतरवून घेतलं होतं, तेच जागा खात होतं. मी त्यावर बोट दाबून धरलं. दोन पर्याय आले. वरचा फक्त फोनवरची प्रत काढायचा, खालचा सरळ ‘हटवा’. मी खालचा दाबला. त्यानं विचारलं, नक्की? मी वाचलंसुद्धा नाही. हो म्हणालो. घुंगरांचा आवाज सुरू झाला होता.

फोनवरचं गेलं तेव्हाच, नवनगरात आपल्या घरी टीव्हीवरच्या डब्यातलंही गेलं. एका डिस्कमधनं गेलं, म्हणून दुसरीतनंही गेलं. तुम्ही घरी असाल, भाजी निवडत असाल. दिवा निळाच असेल.

डब्याला कचऱ्याची टोपलीही असते. पुसलेलं महिनाभर तिथं पडून राहतं, मग कायमचं जातं. महिन्यात एकदा जरी मी तुमचं फोल्डर उघडलं असतं! नाही उघडलं. मी सौम्याचा नाच बघत होतो. पुन्हा पुन्हा, तिची गिरकी थांबवून, मागं नेऊन. तुमच्या फोनचा डिस्प्ले तेव्हाच फुटला होता. तुम्ही म्हणत होतात, “दुरुस्त करून आण की रे, बरेच दिवस आईला ऐकलं नाही.” मी म्हणत होतो, “उद्या.” दोन महिने उद्या.

मग तुमच्या छातीत दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. शेजारच्या कॉटवर हमाली करणारे ते बसप्पाकाका होते, त्यांच्याशी तुमचं कन्नडमधनं जोरात चाललं होतं. मुलानं कॉलेज सोडलंय हे तुम्ही सांगितलंच नाहीत! सांगितलंत काय, तर “नम हुडुगानं, आमच्या पोरानं, सगळी गाणी एका डब्यात घातलीत. जगात कुठंही बसा, फोनवर लागतात.” बसप्पाकाका उठून बसले. “हच्चरी मत्त, केळूण!” लावा की मग, ऐकू या!

तुम्ही माझ्याकडं वळलात. “सिद्धू, माझ्या आईचा पाळणा लाव.”

मी फोल्डर उघडलं.

काय आलं ते वर लिहिलंय. परत लिहवत नाही.

मला वाटलं, ॲप बिघडलं असेल. बंद करून उघडलं. पुन्हा तेच. बाकीचं सगळं होतं, अक्काच्या लग्नाचा व्हिडिओ होता, मी सौम्यासाठी भरलेले सगळे पिक्चर होते. आणि मला तो पडदा आठवला, ते घुंगरू आठवले, तो खालचा पर्याय आठवला. तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडं बघताय.

“हितं नेट नाही, अप्पा. घरी गेल्यावर.”

“बरं,” म्हणालात तुम्ही. बसप्पाकाकांना म्हणालात, “नेट नाही म्हणतोय. डिस्चार्ज झाला की तुम्हीच या घरी ऐकायला.” पत्तासुद्धा दिलात त्यांना.

अप्पा, तुम्हाला कळलं होतं का? तुम्ही माझा चेहरा लहानपणापासून वाचत आलाय. काच फोडली की दार वाजवायच्या आधी तुम्हाला कळायचं. त्या दिवशीही कळलं आणि मला वाचवायला ‘बरं’ म्हणालात? की खरंच वाटलं, नेट नाही? ह्यातलं कुठलं खरं असलं तर मला बरं वाटेल, हेही मला आता सांगता येत नाही.

तीन दिवसांनी तुम्ही गेलात. आजीचा पाळणा न ऐकता.

तुमचा जलदानविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा पिशवीत घालून गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडं गेलो. त्यानं दोन्ही डिस्क लावून बघितल्या, मला विचारलं, पुसल्यानंतर ह्यावर काय काय भरलंत? मी सांगितलं, पिक्चर. पुष्कळ. तो म्हणाला, “मग जागा दुसऱ्यानं घेतली, तम्मा, भावा. आता नाही निघणार.” मी त्याच्यावरही ओरडलो. त्यानं पाणी दिलं.

तेव्हापासनं मी घाबरून जगतोय. मारामारीत मी कधी घाबरलो नाही, तुम्हाला माहितीय. पण आईनं दुपारी टीव्हीसमोर बसून “जरा ह्यांचं गाणं लाव की रे” म्हटलं की मी नवं कारण शोधतो. डबा अपडेट होतोय. राउटर गरम झालाय. पासवर्ड बदललाय. केबल गेलीय. आता कारणं संपली! आणि आई विश्वास ठेवते, हेच भयंकर आहे. तिला वाटतं, मला तुमचा आवाज सोसत नाही म्हणून मी टाळतो. परवा आत्याला सांगत होती, “पोराचा जीव लई हळवा आहे.”

ती रोज डबा पुसते, अप्पा. कोरड्या फडक्यानं, दिव्याला धक्का न लावता. करंट गेला की धावत येते, “ह्यांचा डबा बंद पडला!” तिनं त्याच्यासाठी इन्व्हर्टर बसवून घेतला. फ्रिजला नाही, डब्याला! पावसात वीज कडाडली की प्लग काढून डबा पदराखाली घेऊन बसते. मी समोर बसलेलो असतो. कशावर पदर घालून बसलीय, हे फक्त मला माहीत असतं.

आणि दुसरी भीती. आता ती गाणी फक्त माझ्या डोक्यात आहेत. सुरुवातीला तुम्ही घसा साफ करून “हॅलो, हॅलो, कमरीपेठ” म्हणायचात. आजीच्या पाळण्यात मध्येच बकरी ओरडते आणि आजी न थांबता तिला “हड” म्हणते. मग? मागच्या महिन्यापर्यंत मला त्यापुढची चाल येत होती. आता तिथं येऊन मी अडकतो. रोज आठवून बघतो, आणि रोज थोडं कमी सापडतं.

सौम्याला मी सांगितलं. सहा महिन्यांमागं, सुभाष रोडवर तिच्या वडिलांच्या भांड्यांच्या दुकानासमोर. तिच्याशिवाय मला बोलायला कोण आहे? मला वाटलं, ती हात धरेल, ‘होगलि बिडु’ म्हणेल, जाऊ दे. ती मागं सरकली.

“माझा नाच शूट करायला?” तिनं विचारलं.

“हो.”

“मी सांगितलं होतं?”

“नाही.”

“नाक फोडायला तरी मी सांगितलं होतं का? प्रत्येक वेळी माझ्या नावानं काहीतरी फोडतोस, सिद्धू.” मग, “आईला सांगितलंस?” मी नाही म्हणून मान हलवली. “कॅन्टीनमध्ये एका सेकंदात हात उचललास. आईपुढं तोंड उघडायला सहा महिने पुरले नाहीत? सांगितलंस की फोन कर. तोपर्यंत करू नको.”

मी केला नाही. तिनंही नाही. तिचा तो व्हिडिओ अजून आहे, अप्पा. डब्यात. तुमच्या जागेत.

आता आजचं सांगतो, म्हणजे माझा सगळ्यात घाणेरडा भाग सांगून होईल.

गेल्या आठवड्यात मी इंटरनेटवर शोधून एक जुनं रेकॉर्डिंग काढलं. कुणाचं, माहीत नाही. पेटी, ढोलकी, खरखर, तुमच्यासारखाच जरा नाकातला आवाज. सुरुवात कापली, खरखर वाढवली. पेनड्राइव्हवर घेतलं. तो पेनड्राइव्ह ह्या क्षणी स्पीकरला लावलेला आहे. तरुणपणचा आवाज म्हणून सांगायचं. कोण ओळखणार?

आई ओळखेल, ही भीती वाटली. हेडफोन लावून पाच-सहा वेळा ऐकलं आणि मग त्याहून मोठी भीती वाटली. नाही ओळखलं तर? तिनं डोळे पुसले, आत्यानं हात जोडले, सगळे म्हणाले काय गळा होता, आणि आजपासून आईच्या कानात तो परका माणूस बसला तर? मग तर मी तुम्हाला तिच्या आतनंही पुसलं. डब्यातनं चुकून पुसलं होतं. हे चुकून नसेल.

आत्ता अक्कानं दार वाजवलं. “काय रे, नांदायला गेलास काय आत? भंतेजी आले! लागलं का गाणं?”

मी म्हणालो, “आलो.”

“लागलं का, ते सांग!”

“नाही लागलं, अक्का. आईला जरा मधल्या खोलीत बोलव. मला तिच्याशी बोलायचंय. वंदनेच्या आधी.”

तिनं आवाज खाली आणला, “एनायतु रे, काय झालं?” तिची पावलं हॉलकडं गेली. अप्पा, बोलून गेलो की हो मी! आता ते शब्द परत घेता येत नाहीत.

पेनड्राइव्ह काढला. त्यातलं पुसलं. ह्या वेळी स्क्रीनवरचं सगळं वाचून.

तुम्हाला वचन देतो. आईपुढं मी नेट, राउटर, ॲप ह्यातलं एकाचंही नाव घेणार नाही. ‘मी पुसलं आणि वर्षभर खोटं बोललो,’ एवढंच सांगेन, आणि तुम्ही पाळणा मागितला होतात तेही सांगेन. ती मारेल तर मारून घेईन. गप्प बसली तर, मला सगळ्यात भीती त्याचीच आहे, तर तिच्यासमोर बसून राहीन. तावातावानं उठून जाणार नाही. सगळ्यांसमोर सांग म्हणाली, तर हॉलमध्ये उभा राहून सांगेन. आणि त्यानंतर तिनं डब्याचा प्लग काढायला सांगितला, तर तो मीच काढेन.

बांगड्यांचा आवाज आला. आई मधल्या खोलीत आलीय. “सिद्धू?” म्हणतेय. आवाज घाबरलेला आहे तिचा.

कागद घडी करून तुमच्या फोटोमागं ठेवतो. कडी काढतो. बाहेर पडलो की दार माझ्यामागं ओढून घेणार आहे, घट्ट, म्हणजे तिचा चेहरा बघून परत आत पळावंसं वाटलं तरी पाठीला बंद दार लागेल.

निघालो, अप्पा.

तुमचं काम पुरं करून घालवलेला,
सिद्धू